सात नंबरचं झाकण

“कोरडी रिंग कधी बसवायची नाही. आधी बोटाला जेली, मग रिंगला. आणि चोळायची, थापायची नाही. आपण वायसर बसवतोय, पावाला लोणी लावत नाही.”

एल्रॉय हिंट्झ हे बोलले त्याला सात वर्षं झाली होती. पण लव्हॉन टेस्के रिंगांचा डबा उघडून बसली की तो आवाज हजर. त्या आवाजाला एक खरखर होती आणि वाक्यातला शेवटचा शब्द गिळायची सवय होती. आता बाकीचेही पुष्कळसे शब्द गिळले गेले होते. मागच्या नाताळाच्या आधी आठ दिवस त्यांना झटका आला, तो उजवा हात आणि निम्मी वाचा घेऊन गेला. इस्पितळातून एल्रॉय हिंट्झ गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात गेले होते, आणि त्यांच्या तळघरातली अकरा पिंपं, गॅसची टाकी, नळ्यांचं जंजाळ आणि रिंगांचा डबा लव्हॉनच्या घरी आला होता.

एल्रॉयचं मंडळ सहा जणांचं. प्रत्येकजण आपापल्या घरी, आपापल्या मापानं बिअर बनवायचा, पण पिंपं सामाईक. स्टीलची, उभट, मांडीएवढ्या उंचीची ही पिंपं पूर्वी हॉटेलांत सोड्याच्या पाकासाठी वापरत. हॉटेलांनी ती भंगारात काढली तेव्हा एल्रॉयनी एकेक करून घरी आणली आणि त्यांच्यावर नंबर घातले. पिंपात बिअर भरली की ती गॅसच्या दाबाखाली ठेवायची. दाब राहिला तर बिअर महिनोन्‌महिने टिकते, ग्लासात पडताना फेस धरते. दाब गेला की ती मिठाविना वरणासारखी मिळमिळीत. आणि दाब राखायचा तो कोणी? तर रबरानं. झाकणाखाली एक मोठी रिंग, दोन तोट्यांना बाहेरून दोन, आतल्या नळ्यांना दोन. पाच ठिकाणी रबर, म्हणजे पाच ठिकाणी गळायची सोय.

हे काम लव्हॉनकडे आलं ते तिच्या हातांमुळे. वाटाणे डबाबंद करायच्या कारखान्यात एकतीस वर्षं ती डब्यांच्या शिवणी तपासत होती. पट्ट्यावरून डबा जाता जाता अंगठा फिरवला की कुठली शिवण कच्ची आहे ते तिला कळायचं. तिचा नवरा गॉर्डन मंडळात होता. तो गेल्यावर त्याची दोन पिंपं परत द्यायला ती एल्रॉयकडे गेली, आणि ते म्हणाले, “पिंपं ठेव तिकडे. तू बैस इकडे.” ती बसली, ती बसलीच.

ती स्वतः मात्र बिअरचा थेंब घेत नसे. गॉर्डनच्या आजारपणात, ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत तिनं बिअर सोडली होती. ईस्टर आला तोवर गॉर्डन गेला होता. दिलेलं परत मागायला देवाच्या दारात जायचं कसं, म्हणून तिनं ती सोडली ती सोडलीच. मंडळातल्या मार्लिन ड्यूवीला हा चेष्टेला कायमचा विषय मिळाला होता. “खानावळीत उपाशी आचारी असतो ना,” तो म्हणायचा, “तशी आमची लव्हॉन.”

झटका येण्याआधी, नोव्हेंबरात, एल्रॉयनी आपली काळी जड बिअर चढवली होती. दरवर्षी एकच खेप करायचे, आणि ती वर्षभर मुरवायचे. तेवढ्यात हे झालं. जानेवारीत लव्हॉननं ती खेप त्यांच्या तळघरात जाऊन पिंपात भरली, सात नंबरच्या, कारण त्यांचं हे पीक नेहमी सात नंबरमध्येच असायचं. भरून झाल्यावर त्याच दुपारी ती इस्पितळात गेली आणि त्यांना तसं सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं तिची बाही धरली.

“नव्वद,” ते म्हणाले. मग बराच वेळ शोधून, “फेस.”

बारा सप्टेंबरला ते नव्वद पुरे करणार होते.

“त्या दिवशी तुमच्या बिअरचा ग्लास तुमच्या हातात असेल, मिस्टर हिंट्झ,” लव्हॉन म्हणाली. “फेसासकट.”

“समोर,” ते म्हणाले. “काढ.”

“बाटलीत भरून आणणार नाही. पिंप घेऊन येईन, तुमच्या समोर काढून देईन. शब्द देते.”

शब्द द्यायची तिला सवय नव्हती. दिला की तो पाळावा लागतो, आणि पाळताना काय काय सोडावं लागतं हे तिनं पाहिलं होतं.

सात नंबर सात महिने तिच्या तळघरात उभं होतं. अधूनमधून ती काटा लावून दाब पाहायची. दाब चांगला, तीस पौंडांच्या आसपास. काही तक्रार नाही. ऑगस्टच्या मध्यावर तिनं ते उचलवून गॅरेजमधल्या मोठ्या फ्रिजात ठेवलं. अशा बिअरला थंडाव्यात तीन-चार आठवडे मिळाले की ती नितळते. फ्रिजात आणखी तीन पिंपं होती, चर्चच्या सहलीसाठीची. चारही पिंपांना मिळून एक गॅसची टाकी, बारा पौंडांवर लावलेली.

पहिल्या शनिवारी टाकी रिकामी.

तिनं ती भरून आणली. पाचव्या दिवशी पुन्हा रिकामी. मग तिनं एकेका पिंपाची नळी बंद करून पाहिली, आणि चार दिवसांत चोर सापडला. बाकीची तिन्ही मुकाट होती. गॅस सात नंबर पीत होतं.

चोर सापडला, पण घरफोडी कुठून झाली ते सापडेना. एल्रॉयनी शिकवल्याप्रमाणे ती पिंप फ्रिजाबाहेर काढायची, तीस पौंड दाब द्यायची आणि साबणाचं पाणी ब्रशनं सगळीकडे लावायची. जिथे गळती तिथे बुडबुडा. झाकणाच्या कडेनं लावलं, तोट्यांना लावलं, झडपेच्या कडीला लावलं. एक बुडबुडा नाही. तोट्यांच्या बाहेरच्या रिंगा बदलल्या. दाब सोडून तोट्या काढल्या, नळ्यांच्या रिंगा बदलल्या, पुन्हा आवळल्या. झाकण तेवढं उघडलं नाही. भरल्या पिंपाचं झाकण उघडलं की आत हवा जाते, आणि मुरलेल्या बिअरला हवा म्हणजे दुधाला लिंबू. शिवाय तीस पौंडाला झाकण ठणठणीत होतं. पुन्हा फ्रिजात ठेवलं, पुन्हा गॅस गायब.

सात नंबरच्या वरच्या कडेला एक पोचा होता, बोराएवढा, पूर्वी कधी तिच्या लक्षात न आलेला. जानेवारीत एल्रॉयच्या घरून पिंपं आणली ती मार्लिनच्या पिकअपमधून. ट्रक चालवण्यात मार्लिनचा जन्म गेला होता, पण वळणावर तो सामानाची पर्वा करत नसे हे सगळ्या गावाला माहीत होतं. लव्हॉननं कोणाला काही म्हटलं नाही. फक्त रविवारी चर्चमध्ये मार्लिननं मागून हाक मारली तेव्हा ती “नमस्कार” एवढंच म्हणाली आणि आपल्या बाकाकडे गेली.

सोमवारी, आठ तारखेला, मार्लिनच टाकी भरून घेऊन आला. तिनं निरोप ठेवला होता, नाइलाजानं.

“सहा जणांचा गॅस एकटा एल्रॉय पितोय,” टाकी टेकवत तो म्हणाला. “म्हाताऱ्याला तिकडे बसून इतकी तहान?”

“पिंप पितंय. ते नाही.”

“एकच झालं. नव्वद वर्षांत दोघांनी एकमेकांच्या खोडी उचलल्यात.” तो फ्रिजाच्या दाराला रेलला. “दुसऱ्या पिंपात ओत.”

“रिकामं कुठलंय? सगळी रविवारच्या सहलीला भरलीत.”

“मग बाटल्या.”

“बाटलीत नाही म्हणून मी त्यांना सांगितलंय.”

“अगं, त्यांना काय आठवतंय! परवा मी भेटायला गेलो तर त्यांनी मला माझ्या बापाच्या नावानं हाक मारली. आणि माझ्या बापाकडून पत्त्यांत जिंकलेले पंधरा डॉलर मागितले.”

“मग आठवतंय की,” लव्हॉन म्हणाली.

मार्लिन हसला. मग तिच्याकडे नीट पाहून त्यानं विचारलं, “माझं काही चुकलंय का?”

“टाकीबद्दल आभार,” ती म्हणाली.

तो गेल्यावर तिनं गॅरेजचं दार लावून घेतलं. शुक्रवार चार दिवसांवर आला होता. बिअरमधला गॅस असाच झिरपत गेला, तर शुक्रवारी तोटी दाबल्यावर काळं गोडसर पाणी येणार होतं. फेस नाही. आणि एल्रॉय हिंट्झना निम्मे शब्द उरले होते, पण दोन्ही डोळे शाबूत होते.

मंगळवारी सकाळी तिनं पुन्हा तेच केलं, कारण दुसरं काही येत नव्हतं. पिंप बाहेर, तीस पौंड, ब्रश, साबण. तिनं चष्मा लावून झाकणाच्या कडेवर नाक टेकेपर्यंत वाकून पाहिलं. साबणाचा पांढरा पापुद्रा जिथल्या तिथे. शेवटी दाब उतरवून तिनं पिंप बारा पौंडांवर आणलं. आता ते पुसायचं आणि परत आत ठेवायचं, इतक्यात अग्निशामक केंद्राचा बाराचा भोंगा वाजला.

बाराच्या भोंग्याला हातातलं असेल तसं टाकून आत जायचं हा तिचा नेम होता. खुर्चीत बसायचं, प्रार्थनेच्या पुस्तकातलं त्या दिवसाचं पान वाचायचं आणि मग अर्धा तास काही बोलायचं नाही, देवाकडे काही मागायचंही नाही. कारखान्यात असताना ती हे जेवणाच्या सुट्टीत करायची. पाहुणे असले तरी ती उठून जायची. एकदा तव्यावर मासे होते, ते जळले होते. आजही तिनं ब्रश डब्यात टाकला आणि ती आत गेली.

साडेबारा वाजून गेल्यावर ती परत आली. पुसायला फडकं घेतलं आणि थांबली.

झाकणाच्या मागच्या बाजूला, कडीच्या बिजागरीखाली, मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक ओळ उभी होती. अंगठ्याच्या पेराएवढी लांब. एक फुटला की शेजारी दुसरा यायचा, अगदी सावकाश, घाई कसलीच नाही.

लव्हॉननं फडकं खाली ठेवलं. दाबाची चावी फिरवून काटा तीसवर नेला. बुडबुडे थांबले. बारावर आणला. थोडा वेळ काहीच झालं नाही. ती उभी राहिली. मग एक बुडबुडा आला.

या पिंपांचं झाकण आतून बसतं. ते लांबट असतं, तिरकं करून आत घालायचं आणि वर ओढून कडी लावायची. म्हणजे आतला गॅसच त्याला खालून वर रेटून धरतो. दाब जबर असला की गॅस रबराला असा चेपतो की बारीकसारीक फट बुजून जाते. दाब बेताचा असला की रबर जेमतेम टेकतं, आणि असलेली फट असलेली राहते. तळघराच्या उबेत बिअर स्वतःच फुगून तीस पौंडांनी झाकण रेटत होती, म्हणून सात महिने तक्रार नव्हती. फ्रिजात ती थंड झाली, दाब बारावर आला, आणि फट मोकळी झाली. आणि तपासायच्या वेळी लव्हॉन स्वतःच्या हातानं तीस पौंड देऊन ती बुजवत होती. चोराला हाका मारून मग घरात शिरल्यासारखं.

एल्रॉयनी तीसवरच तपासायला शिकवलं होतं. तेही तसंच तपासत आले होते, चाळीस वर्षं. लव्हॉनला राग आला नाही, हसूही आलं नाही. कारखान्यात एकदा तपासणीचं मशीनच चुकीचं निघालं होतं, आणि त्या दिवशी सगळ्याजणी अशाच उभ्या राहिल्या होत्या, हात बाजूला सोडून.

पण फट का? ती पुन्हा वाकली. त्या ओळीपाशी नाक नेलं, आणि तिला वास आला. बिअरचा नव्हे. गोड, व्हॅनिलासारखा, त्यात दातांच्या पेस्टसारखी थंड झाक.

रूट बिअर.

तिला नावापुरतं बिअर म्हणायचं. रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी मार्लिन बनवायचा ते काळं सरबत. त्याचा वास रबरात एकदा शिरला की धुऊन, उकळून, उन्हात टाकून जात नाही. म्हणून तिच्यासाठी एकच पिंप वेगळं ठेवलं होतं, तीन नंबर, आणि त्यात दुसरं काही भरायचं नाही असा मंडळाचा कायदा होता. सात नंबरच्या झाकणाला तो वास यायचं कारणच नव्हतं. ते झाकण सात नंबरचं असतं तर.

लव्हॉन पालथ्या बादलीवर बसली.

जानेवारीतला तो दिवस. एल्रॉयचं तळघर. मार्लिननं नाताळच्या कार्यक्रमानंतर तीन नंबर परत आणून ठेवलं होतं, न धुतलेलं. सात नंबर भरायचं होतं, तीन नंबर धुवायचं होतं, इस्पितळातली भेटीची वेळ चारपर्यंत. एल्रॉय एका वेळी एकच पिंप उघडायचे, धुवायचे, त्याचं झाकण त्याला लावायचे आणि मगच दुसऱ्याला हात घालायचे. त्या दिवशी तिनं दोन्ही झाकणं एकाच टबात टाकली होती. दोन्ही सारखीच दिसत होती. दिसायला सगळी सारखीच असतात. पण चाळीस वर्षं एका तोंडावर बसलेलं झाकण त्या तोंडाचं होऊन जातं. पिंपाचं तोंड जिथे किंचित दबलेलं असेल तिथे ते किंचित वाकलेलं असतं.

हे कोणाच्या पिकअपनं केलं नव्हतं.

ती बराच वेळ बसली असावी, कारण पिंपावरचा साबण वाळून त्याचे पांढरे डाग पडले होते. मग तिनं कोट चढवला आणि ती चालत मार्लिनकडे गेली.

मार्लिन गॅरेजात बटाट्यांची पोती मोजत होता. सहलीला बटाट्याची कोशिंबीर त्याच्याकडे होती, दरवर्षी असायची.

“अरेच्चा,” तो म्हणाला. “आज पायी पायी? राग उतरला वाटतं.”

“मार्लिन, तुझं तीन नंबर उघडावं लागेल.”

“माझं तीन नंबर?” त्यानं पोतं सोडलं. “ते रविवारसाठी भरलंय. तीस पौंडांवर फुरफुरतंय. पन्नास पोरं रांगेत उभी राहणारेत ग्लास घेऊन. त्यांना मी काय सांगू, लव्हॉनबाईंनी गॅस सोडून दिला?”

“झाकण बदललं गेलंय. तुझ्यावर सातचं आहे, सातवर तुझं आहे.”

“कोणी बदललं?”

“मी. जानेवारीत. दोन्ही एका टबात टाकली.”

मार्लिननं टोपी मागे सरकवली. इतक्या वर्षांत लव्हॉनच्या कामात खोट काढायची संधी त्याला आली नव्हती, आणि ती आल्यावर तिचं काय करावं ते त्याला सुचलं नाही.

“एका टबात,” तो नुसतं म्हणाला.

“हो.”

“मग माझं का गळलं नाही?”

“रूट बिअरला तू तीस पौंड देतोस. एवढ्या दाबाला सगळंच बसतं. सात नंबर बारावर आहे.”

त्यानं पोत्याची सुतळी आवळली. मग म्हणाला, “बारावर तपासलंस तू?”

“चुकून.”

“एल्रॉय तर तीसवर—”

“हो.”

“कपाळ माझं,” मार्लिन म्हणाला, आणि बटाट्यांच्या पोत्यावर बसला. “म्हणजे त्यांचं ते एकाहत्तर सालचं पिंप, जे त्यांनी गळतं म्हणून आपल्या मंडळातल्या फ्रँक बेंकेच्या डोक्यात मारलं होतं...”

“ते मला माहीत नाही.”

“डोक्यात म्हणजे खरोखर डोक्यात नाही, दोष त्याच्या माथी मारला. पण त्यानंतर फ्रँक बाटल्याच वापरायला लागला.”

लव्हॉन दारातच उभी होती. “आणखी एक,” ती म्हणाली. “सातच्या कडेला पोचा आहे. मी समजले तू आणताना आपटलंस. इतके दिवस मी तसं धरून चालले होते.”

“ते दिसत होतं. मला वाटलं मी तुझ्या कुत्र्याबित्र्यावरून गाडी घातली की काय.”

“माझ्याकडे कुत्रा नाही.”

“म्हणून तर कळेना.” त्यानं गुडघ्यावर हात मारून उठायची तयारी केली. “पोचा माझाच आहे, लव्हॉन. पण आताचा नाही. सत्त्याण्णव सालचा. एल्रॉयनी तेव्हाच मला जे बोलायचं ते बोलून घेतलंय, त्यामुळे तो हिशोब मिटला.”

“माझं चुकलं. माफ कर.”

“केलं. चल, पोरांच्या तोंडचा घास काढू.”

तीन नंबरची कडी ओढली तेव्हा गॅस असा सुटला की शेजारचा कुत्रा भुंकला. सगळं गॅरेज गोड वासानं भरलं. मार्लिननं झाकण तिरकं करून बाहेर काढलं, आणि लव्हॉननं ते हातात घेऊन अंगठा कडेवरून फिरवला. एका जागी, किंचित, ते आत झुकलेलं होतं. सात नंबरचा पोचा होता त्या बाजूला बसेल असं. तिच्या अंगठ्याला ते जानेवारीतच कळायला हवं होतं.

लव्हॉनच्या गॅरेजात मग पुढचं सगळं मुकाट्यानं झालं. नवी रिंग काढली. बोटाला जेली, मग रिंगला. सात नंबरचा दाब सोडला. मार्लिननं गॅसची नळी हातात धरून पिंपाच्या तोंडात वरून हलका झोत सोडला, म्हणजे हवा आत उतरू नये. लव्हॉननं एक झाकण काढलं आणि दुसरं घातलं, मनात दहा आकडे व्हायच्या आत. आधी तीस, झाकण चेपून बसायला. मग बारा. साबण. आणि मग दोघं समोरासमोर बादल्यांवर बसून अर्धा तास त्या पांढऱ्या पापुद्र्याकडे बघत राहिले.

बुडबुडा आला नाही.

“चाखू का?” मार्लिननं विचारलं. “तू तर चाखणार नाहीस.”

तिनं लहान ग्लास दिला. बिअर काळी आली, उजेडाला धरली तर कडेला लालसर. वर साबणाच्या पाण्यासारखा विरळ फेस, तो बघता बघता गेला. मार्लिननं घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरला.

“गॅस दोन दिवसांत चढेल,” तो म्हणाला. “बिअर म्हणशील तर त्यांचीच आहे. खापर फुटलं तरी दही चांगलं.”

“पण?”

“मी पण म्हटलं नाही.”

“मार्लिन.”

त्यानं उरलेला घोट घेतला. “शेवटी मागे, अगदी मागे, रविवारची शाळा आहे.”

लव्हॉननं मान हलवली. आठ महिने ती रिंग बिअरच्या वाफेत होती. दुसरं काय होणार होतं.

बुधवारी काटा हलला नाही. गुरुवारीही नाही. लव्हॉन दिवसातून चारदा जाऊन बघत होती, आणि नंतर तिनं जाणं बंद केलं, कारण न गळणाऱ्या वस्तूकडे बघत बसणं हेही एक व्यसनच आहे असं तिला वाटलं. तिनं वृद्धाश्रमात फोन केला. माई शौआ नावाच्या तिथल्या परिचारिकेनं डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं.

“एक लहान ग्लास, मिसेस टेस्के. सरळ बसवून, हळूहळू. मी जवळ थांबेन. पण पिंप आत आणायचं म्हणताय?”

“तसं ठरलंय.”

“जेवणघरात आणा. बाकीचे मागतील मात्र.”

“बाकीच्यांना काय चालतं ते तुम्ही ठरवा.”

“एल्रॉय सकाळपासून सांगतायत, कोणीतरी येणार म्हणून. कोण ते सांगता येत नाही त्यांना. हातानं असं करून दाखवतात, ग्लास तिरका धरल्यासारखं.”

शुक्रवारी दहा वाजता मार्लिन आला. पिंप उचलण्याआधी त्यानं एक ग्लास काढला. काळ्या बिअरवर दोन बोटं फेस चढला, कॉफी घातलेल्या दुधाच्या रंगाचा, दाट, आणि तो खाली बसला नाही. दोघांनी तो बसतो का म्हणून वाट पाहिली. मग मार्लिननं ओठ लावले.

“आहे अजून?” लव्हॉननं विचारलं.

“फेस? दिसतोय की.”

“मागचं.”

“आहे.” त्यानं मिशीवरचा फेस पुसला. “पण ऐक, नव्वद वर्षांच्या जिभेला नाही कळायचं. आणि कळलं तरी सांगता कुठे येतंय त्यांना.”

“मी सांगेन,” लव्हॉन म्हणाली. “ग्लास हातात देण्याआधी. टबाचं सांगेन.”

“आणि तीस पौंडांचं? वाढदिवसाला?”

“ते नंतर. त्यांनी विचारलं तर.”

“विचारणार कसे?”

“मग मीच काढेन कधीतरी तो विषय. आज नाही.”

मार्लिननं पिंप उचलून तिच्या गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं. हलू नये म्हणून तिनं त्याला पट्टा बांधला, वर ओला टॉवेल गुंडाळला, पायाशी बर्फाची पिशवी आणि लहान गॅसची टाकी ठेवली. ग्लास तिनं हातमोज्यात घालून पर्समध्ये ठेवला होता. एल्रॉयचा जाड तळाचा, त्यांच्या घरून आणलेला.

“मी येऊ?” मार्लिननं विचारलं. “उचलायला?”

“तिथे गाडा आहे त्यांचा. तुझे बटाटे उकडायचेत.”

“सावकाश जा. वळणावर सांभाळ.”

“तू हे मला सांगतोस,” लव्हॉन म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

तिनं आरसा नीट केला, पिंपाचा पट्टा एकदा ओढून पाहिला, आणि गाडी सावकाश रस्त्यावर घेतली.